हेडली टिबोच्या छातीतली डबी

बेटावरच्या आमच्या गल कोव्ह गावात टिबोंच्या घरचा म्हातारा पुरुष कुणी पाहिलेला नव्हता. आज्या होत्या, मावश्या होत्या, विधवा तर पुष्कळ होत्या. पण पांढऱ्या केसांचा टिबो नव्हता. हेडलीचा बाप धक्क्यावर माशांची पेटी उचलता उचलता तोंडावर पडला, तो पडलाच. त्याचा काका होडीत सुकाणूवर बसल्या जागी गेला, आणि होडी त्याला घेऊन खाडीत गोल गोल फिरायला लागली तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांना कळलं. थोरला भाऊ क्लॅरन्स विशीतच गेला, चर्चसमोरचा बर्फ उपसताना. बाहेरगावचा कुणी विचारायचा, काय दुखणं होतं त्याला? आम्ही म्हणायचो, "दुखणं कसलं, टिबो होता."

हेडली माझ्या शेजारच्या घरात वाढला, लग्नानंतर थोडं पुढे वेगळा राहायला लागला; माझ्याहून थोडा लहान. त्याच्या आईला सगळं गाव ड्रूसीमावशी म्हणायचं, कारण आमच्याकडे कुठलीही वयस्क बाई सगळ्यांचीच मावशी असते. हेडली खेकड्यांच्या कारखान्यात कामाला होता. मासे संपले, मासेमारी बंद झाली, निम्मं गाव मुख्य भूमीवर निघून गेलं, तेव्हा जे मागे राहिले त्यांच्याकडे हिवाळ्यात एकच गोष्ट उरली होती, हॉकी. हॉकी म्हणजे बर्फावरची. दुसरी आम्हाला ठाऊक नाही. उपसागरातल्या गावांचे संघ शनिवारी एकमेकांच्या रिंकवर, म्हणजे खेळायच्या बर्फावर, जायचे आणि बाप्ये लोक एकमेकांची हाडं खिळखिळी करून परत यायचे. मी आमचा गोलकीपर होतो. हेडली पुढे खेळायचा. तो उंच नव्हता, दिसायलाही बेताचाच. पण बर्फावर उतरला की त्याच्या पायांना काहीतरी व्हायचं. खेळातली रबरी चकती त्याच्या काठीला चिकटली की माझ्यासारख्याने गोलच्या खांबाला टेकून नुसतं बघत राहावं.

शहरातल्या डॉक्टरांची माणसं आली तेव्हा हेडलीची मुलगी क्रिस्टा नुकती चालायला लागली होती. चर्चच्या सभागृहात टिबोंच्या गोतावळ्यातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं रक्त काढून नेलं. हे रक्तातूनच येतं, बापाकडून किंवा आईकडून पोराकडे, असं ते म्हणाले. काही महिन्यांनी निरोप आला, हेडलीच्या रक्तात ते आहे. छातीत एक यंत्र बसवता येईल. हृदय भरकटलं की ते झटका देऊन ठोका जागेवर आणेल.

मी त्या दिवशी मावशीच्या स्वयंपाकघरातच होतो. मावशी चुलीपाशी उभी होती.

"बसव ती डबी," ती म्हणाली.

"आई, मला काही होत नाही गं. घोड्यासारखा पळतो मी."

"तुझा बापही घोडाच होता. क्लॅरन्सही. मी घोडेच पुरत आलेय आजवर. आता जागा नाही माझ्याकडे."

"जागा पुष्कळ आहे," हेडली हसत म्हणाला. "चर्चमागची अख्खी टेकडी रिकामी आहे."

मावशीने हातातलं ओलं फडकं फाडकन त्याच्या तोंडावर मारलं. मग ती खुर्चीत बसली ती उठलीच नाही. चुलीवरचे बटाटे करपले तरी उठली नाही. हेडलीने स्वतः भांडं खाली उतरवलं आणि म्हणाला, "बरं बाई, बसवतो. रड तरी, अशी गप्प नको बसूस."

डाव्या खांद्याच्या हाडाखाली डबी बसली. तंबाखूच्या डबीएवढी, कातडीखालून वर आलेली. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, चाला, मासे धरा, बागकाम करा. हॉकी संपली.

"बघायला तरी चालेल का, असं विचारलं मी," हेडली आम्हाला सांगायचा. "तर म्हणाल्या, चालेल, पण ओरडू नका फार."

पहिल्या हिवाळ्यात तो खरंच नुसता बघायला यायचा. माझ्या गोलमागे काचेला नाक लावून उभा राहायचा आणि मला शिव्या द्यायचा. मग येईनासा झाला. कारखाना बंद असायचा, तो स्वयंपाकघरातल्या दिवाणावर पडून राहायचा, दुपारपासून रम घ्यायचा. दोन बोटं कायम मानेवर, नाडीवर. लेकीला उचलायचा नाही, लाकडं आणायचा नाही. बायको व्हर्ना एक दिवस कोटाची बटणं न लावताच माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"वॉल्टर, याला घेऊन जा."

"कुठे?"

"बर्फावर, दुसरीकडे कुठे! दिवसभर नाडी धरून बसतो. पोरगी आता बाहुलीची नाडी बघायला लागलीय, वॉल्टर."

मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाल्या ते ठाऊक आहे ना?"

"मला काय ठाऊक नाही? पण डॉक्टरीणबाई त्याच्याबरोबर राहत नाहीत. मी राहते."

म्हणून मी एका जुन्या गुडघ्याच्या पॅडचं कडक प्लास्टिक कापलं, उकळत्या पाण्यात मऊ करून डबीच्या उंचवट्याबरोबर वाकवलं, आतून बुटातलं नमद्याचं अस्तर लावलं. व्हर्नाने ते खांद्याच्या पॅडमध्ये शिवून टाकलं. आमचा कप्तान अँब्रोझ क्रॉकर ते हातात घेऊन उलटंसुलटं करत राहिला.

"मला तू हवायस रे हेडली. पण उद्या काही झालं तर तुझ्या आईला तोंड कोण दाखवणार?"

"मी मेलो तर मला डबी उठवेल," हेडली म्हणाला. "तुम्ही मेलात तर तुम्हाला कोण उठवतंय ते बघा आधी."

खोलीत सगळे हसले. मीही हसलो.

ड्रूसीमावशी मात्र त्याच्याशी बोलेनाशी झाली. पण आमच्या रिंकवरचा एकही सामना तिने चुकवला नाही. लोकरीची टोपी कानावर ओढून खालच्या बाकावर बसायची, हातात विणकाम, डोळे सुयांवर. माझ्या बायकोने विचारलं, मावशी, बघायचं नाही तर येता कशाला? तर म्हणाली, "दर वेळी कुणी ना कुणी टोपी काढून माझ्या दारात आला आणि सांगून गेला. या वेळी मला कुणी येऊन सांगायला नको."

बर्फावर हेडलीला वाटलं होतं तसं काही झालं नाही. त्याला कुणी धडकच मारेना. सगळ्या उपसागराला डबीचं ठाऊक होतं. समोरचे दांडगे गडी त्याच्याजवळ आले की बाजूला सरकायचे, काठी उचलायचे, वाट द्यायचे. पलीकडच्या गावचा सिरिल बंगे म्हणजे बचावातला रेडा. त्याने आमच्यातल्या निम्म्यांच्या बरगड्या मोजलेल्या. तोसुद्धा हेडली आला की दाराआड लपल्यासारखा अंग चोरायचा.

"सिरिल, लेका, मार की धडक!" हेडली एकदा त्याच्या तोंडावर ओरडला. "बायकोने खायला घातलं नाही का आज?"

सिरिलने बाकाकडे मान केली. "तुझी आई बसलीय तिथे. तिच्या दारात मला उभं राहायचं नाही."

हेडलीने त्या दिवशी तीन गोल केले आणि कपडे बदलायच्या खोलीत येऊन काठी भिंतीवर आपटून मोडली. पुढच्या शनिवारी त्याने मुद्दाम जाऊन सिरिलला पाठीमागून असा काही हाणला की सिरिलचे पुढचे दात बर्फावर पडले. सिरिल उठला, तोंड पुसलं, आणि मग त्याने हेडलीला रिंकभोवतीच्या फळ्यांवर आपटलं. अख्खं रिंक उठून उभं राहिलं. हेडली फळ्यांना धरून उठला तेव्हा कानापर्यंत हसत होता. त्यानंतर त्याला सगळे मारायला लागले, आणि क्लॅरन्स गेल्यापासून मी त्याला इतका सुखी पाहिला नव्हता.

पहिला झटका बसला तो पुन्हा खेळायला लागल्याच्या तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत. सामना रंगात आला होता, हेडली नेहमीपेक्षा जास्त वेळ बर्फावर होता. चकती घेऊन एकटाच सुटला. मी दुसऱ्या टोकाला होतो, त्याची पाठ दिसत होती. मागून कुणी हाक मारावी तसा तो एकदम ताठ झाला, आणि मग दोन्ही पाय बर्फावरून सुटले. त्याच्या तोंडून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. तो पडला, लगेच हात वर करून म्हणाला, "ठीक आहे, ठीक आहे, आलो," आणि गुडघ्यावर उठता उठता दुसरा बसला. पंचाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

कुणी हललं नाही. मग फळीतलं दार उघडलं आणि ड्रूसीमावशी रबरी बूट घालून बर्फावर आली. धावली नाही. फळ्यांना धरून, पाय घासत, सावकाश आली. खाली बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. गेली दोन वर्षं ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"डोळे उघडे ठेव, हेडली."

"आई, अजून एक येतोय," तो म्हणाला.

आणि आला. तिच्या मांडीवर तो माशासारखा उडाला. तिने त्याला सोडलं नाही.

रुग्णवाहिकेपुढे बर्फ काढायची गाडी चालवत त्याला शहरात नेला. तिथे डॉक्टरांनी डबीतली नोंद वाचली. यंत्र चुकलेलं नव्हतं. हृदय खरंच भरकटलं होतं, आणि डबी नसती तर हेडली तिथेच बापाच्या वाटेने गेला असता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तरी कळलं ना, थांबा. हेडलीने त्यातून वेगळंच घेतलं. "डबी काम करते, वॉल्टर," तो मला रुग्णालयात म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "बापाच्या छातीत असती तर बाप असता. क्लॅरन्स असता. मी मेलो होतो आणि परत आलो, समजलं का तुला?"

एक हिवाळा सोडून तो पुन्हा उतरला. या वेळी व्हर्नाला ते नको होतं. "पण त्या वेळी मीच ढकललं ना," ती मला म्हणाली. "आता कुठल्या तोंडाने अडवू?"

पुढे बरीच वर्षं तो खेळला. झटके आणखी दोनदा बसले. एक सामन्यात, दुसरा घरी आंघोळ करताना. त्या दुसऱ्यानंतर तो न्हाणीचं दार लावेनासा झाला. व्हर्नाला बाहेर स्टुलावर बसवायचा आणि आतून सारखं बोलत राहायचा. रस्त्यात गाडीचा भोंगा वाजला तरी दचकायचा. मी त्याला विचारलं, मग बर्फावर कसा उतरतोस रे?

"तिथे आठवतच नाही," तो म्हणाला. "भीती न्हाणीत असते."

मग त्याचे पाय सुजायला लागले. आधी कुणाला कळलं नाही. मग स्केट्सच्या नाड्या बांधायला वाकला की धाप लागायची. अँब्रोझने त्याला आधी कमी खेळवलं, मग नुसतंच बाकावर बसवलं, आणि एका शनिवारी हेडली पिशवी घेऊन आलाच नाही.

मी त्याला गाडीने शहरात नेलं. डॉक्टरीणबाईंचे केस तोवर पिकले होते. त्यांनी समजावून सांगितलं, रागावल्या नाहीत. टिबोंच्या हृदयाचा स्नायू मुळातच झिजत जातो, त्याच्या जागी चरबी भरते. अंग घामाने भिजेपर्यंत पळालं की ती झीज वाढते. हे आधी इतकं स्पष्ट कुणालाच ठाऊक नव्हतं, आता झालंय. "डबी ठोका परत आणते," त्या म्हणाल्या. "स्नायू परत आणत नाही."

येताना निम्म्या रस्त्यापर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. दोन्ही बाजूंना खुरटी झाडं आणि दलदल. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा म्हणाला, "वॉल्टर, त्या बाईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हॉकी संपली म्हणून."

"हो."

"मला वाटलं, ती मरण्याबद्दल बोलतेय. त्याला तर डबी होतीच."

त्याच हिवाळ्यात क्रिस्टाच्या रक्ताचा निकाल आला, तिच्यातही ते होतं. क्रिस्टा तेव्हा पंधराची. पोरींच्या संघात ती बापासारखीच खेळायची, म्हणजे पायांनी विचार करायची. सिरिल बंगे त्या संघाला शिकवायचा, आणि प्रांताच्या संघासाठी त्याने तिचं नाव दिलं होतं. निकालाच्या दिवशी मी त्यांच्याकडे लाकडं टाकायला गेलो होतो. निघून जायला हवं होतं, पण हेडलीने हाताने बस म्हणून खूण केली.

"तुझी हॉकी आजपासून बंद," तो तिला म्हणाला.

"तू बंद केलीस?"

"नाही."

"मग?"

"मग इकडे बघ." त्याने विजार गुडघ्यापर्यंत ओढली आणि नडगीवर अंगठा रुतवला. काढला तरी खड्डा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहावा तसा. "बघ, किती वेळ राहतो."

क्रिस्टाने बघितलं. खड्डा भरून यायच्या आत मान वर केली. "तुला इतकी वर्षं मिळाली. मला एक दे. प्रांताचं एक."

"एकही नाही."

"तू स्वार्थी आहेस बाबा. तेव्हाही होतास, आत्ताही आहेस."

"असेन," हेडली म्हणाला.

व्हर्ना टेबलाशी बसून होती. तिने दोघांपैकी कुणाचीच बाजू घेतली नाही. मीठ सांडलं होतं ते बोटाने गोळा करत राहिली. क्रिस्टा पिशवी उचलून थेट सिरिलकडे गेली. सिरिलने तिला रिंकच्या दारातच अडवलं.

"माझ्या बर्फावर तू यायची नाहीस, पोरी."

"बाबाबरोबर खेळलात ना तुम्ही?"

"खेळलो," सिरिल म्हणाला. "त्याला धडका मारल्या, त्याने मागितल्या म्हणून." एवढं बोलून तो मागे वळला आणि दिवे मालवायला गेला, असं क्रिस्टानेच मला पुढे सांगितलं. ती घरी परतली नाही, आजीकडे राहायला गेली. वसंतात तिच्या छातीत डबी बसवली तेव्हा बरोबर ड्रूसीमावशी होती. हेडलीला तोवर जिना चढता येत नव्हता.

हृदय बदलायचं तर मुख्य भूमीवर जाऊन वाट बघत राहावं लागणार होतं. जायचं की नाही याची बोलणी होईतो मूत्रपिंडांनी मान टाकली, आणि ते दारही बंद झालं. त्याचा पलंग बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी आणला. शेवटच्या आठवड्यात डबी पेटली. हृदय थकून भरकटायचं, डबी त्याला हाणून जागेवर आणायची, ते पुन्हा भरकटायचं. एका सकाळी तर ओळीने चार बसले. दर वेळी तो पलंगावरून उडायचा, आणि व्हर्ना दोन्ही हातांनी कान झाकून घ्यायची. त्याला ओरडायचीही ताकद राहिली नव्हती. तो नुसता मान हलवत होता, नको, नको.

गावची नर्स आली. तिच्या पिशवीत एक चुंबक होतं, मधे भोक असलेलं, जड. ते डबीवर ठेवलं की डबी झटका देत नाही, ती म्हणाली. मग जे व्हायचं ते होईल. मशीन घेऊन शहरातला माणूस उद्या येईल आणि कायमचं बंद करेल, तोवर हे. तिने हेडलीला सरळ विचारलं, ठेवू का?

हेडलीने आईकडे पाहिलं.

"मीच बसवायला लावली," ड्रूसीमावशी म्हणाली.

"चांगली होती डबी, आई," तो म्हणाला. एका दमात त्याला इतकंच जमलं. थोड्या वेळाने म्हणाला, "आता पुरे."

मावशीने नर्सच्या हातातून चुंबक घेतलं. जड होतं, तिची मनगटं वाकली. तिने ते त्याच्या छातीवर ठेवलं आणि वर तळहात दाबून बसली. नर्सने चिकटपट्टी लावली तरी तिने हात काढला नाही.

दुपारी क्रिस्टा आली. दारात बराच वेळ उभी राहिली. मग पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि पांघरुणावरून बापाचा पाय धरला. जखम अजून ओली असल्यासारखी ती डावा हात जपून वागवत होती.

"दुखतं का?" हेडलीने विचारलं.

"थोडं."

"डाव्या कुशीवर झोपू नकोस."

"बरं."

दोघांचं बोलणं झालं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी, शहरातला माणूस पोचायच्या आत, हेडली गेला. चाळिशी नुकतीच ओलांडली होती त्याने. आम्ही संघातल्यांनी खांदा दिला. एक बाजू सिरिल बंगेने धरली, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. वसंत आला तरी आमच्याकडची जमीन अजून गोठलेली होती म्हणून खड्डा यंत्राने खणावा लागला. चर्चमध्ये पाद्रीबाबा म्हणाले की देवाने हेडलीला वाढीव वर्षं दिली. मावशीने मान वर केली नाही.

क्रिस्टा आता शहरात नर्सिंग शिकते. सुट्टीला घरी येते, आजीकडेच उतरते. आईकडे जेवायला जाते. रिंकवर ती परत कधी गेली नाही, स्केट्स तिने दुसऱ्या एका पोरीला देऊन टाकले. बापाबद्दल काही विचारलं तर विषय बदलते. एकदाच, मी तिला बसथांब्यावर सोडायला गेलो होतो तेव्हा, आपण होऊन म्हणाली, "वॉल्टरकाका, माझा राग अजून गेलेला नाही. आता तो कुणावर काढू?" बस आली, मी तिची पिशवी वर चढवून दिली.

तिच्या डबीने अजून एकदाही झटका दिलेला नाही. ड्रूसीमावशी रोज सकाळी चहा टाकायच्या आधी तिला फोन लावते. मी शेजारीच राहतो, उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की ऐकू येतं. मावशी काही विचारत नाही, नुसतं नाव घेते. तिकडून बोलणं येईपर्यंत ती उभी असते, मग खुर्चीत बसते.